एका रॉकेटची दोन गावं

बर्लिनहून उत्तरेला, बाल्टिक समुद्रातल्या उझेडोम बेटाकडे जाणाऱ्या गाड्या उन्हाळ्यात भरून वाहतात. सायकली, कुत्री, वाळूत खेळायची फावडी आणि उन्हानं आधीच लाल झालेली पोरं असा सगळा संसार डब्यात असतो. बर्लिनकरांचं हे हवा खायला जायचं पिढीजात ठिकाण. पांढरी वाळू, वेताच्या झाकलेल्या खुर्च्या आणि मासळीचे पाव यांसाठी लोक इथं येतात. वोल्गास्टला पूल ओलांडून गाडी बेटावर शिरते आणि त्सिनोवित्स स्टेशनात बहुतेक गर्दी उतरून किनाऱ्याकडे वळते. बेटाच्या वायव्य टोकाला जायचं असेल, तर तिथून दुसरी छोटी गाडी धरावी लागते. या फाट्यावर पाइनच्या जंगलातून धावणारी गाडी शेवटी पेनेम्युंडे नावाच्या छोट्या गावात थांबते. पेने नदी जिथं समुद्राला मिळते, ते हे टोक.

गावात शिरताच दिसते ती लाल विटांची अवाढव्य इमारत. एवढ्याशा वस्तीला एवढं मोठं वीजकेंद्र कशाला, हा प्रश्न कुणालाही पडावा. १९४२ च्या सुमारास पूर्ण झालेलं हे कोळशावरचं केंद्र १९९० पर्यंत वीज देत राहिलं. हिटलरची राजवट गेली, पूर्व जर्मनीचं सरकार आलं आणि तेही गेलं, तोवर बॉयलर चालूच होते. १९९१ पासून इथं इतिहास-तंत्रज्ञान संग्रहालय आहे. आवारात काळ्या-पांढऱ्या चौकटींनी रंगवलेली, चौदा मीटर उंच रॉकेटची प्रतिकृती उभी आहे. जर्मन सैन्याच्या कागदोपत्री त्याचं नाव ए-४. जगाला ते माहीत झालं व्ही-२ या नावानं.

विजेचा प्रश्न संग्रहालयातच सुटतो. या केंद्राचं मोठं गिऱ्हाईक होतं गावातलाच द्रवरूप ऑक्सिजनचा कारखाना. हवा गार करत करत तिचं द्रव बनवायचं आणि त्यातून ऑक्सिजन वेगळा काढायचा, हे प्रचंड वीज खाणारं काम आहे. एका रॉकेटला जवळपास पाच टन द्रव ऑक्सिजन लागे आणि उड्डाणाची वाट बघता बघता त्यातला बराच उडून जाई. त्या कारखान्याचा काँक्रीटचा सांगाडा आजही गावात उभा आहे, खिडक्यांच्या जागी नुसत्या भोकांसह. जोडीला इंधन म्हणून पाणी मिसळलेलं इथिल अल्कोहोल, साधारण चार टन. ते मुख्यतः बटाट्यांपासून गाळलेलं असे. युद्धकाळात माणसांच्या ताटातला बटाटा असा रॉकेटच्या टाकीत गेला.

रॉकेटच का, याचं मूळ पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात आहे. व्हर्सायच्या तहानं जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या तोफांवर बंधनं घातली; रॉकेटचा उल्लेख मात्र त्यात नव्हता, कारण तेव्हा ते कुणाच्या खिजगणतीतच नव्हतं. जर्मन सैन्यातल्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनी ही फट हेरली. वाल्टर डोर्नबर्गर हा त्यांतला एक. बर्लिनमधली काही हौशी मुलं पडीक मैदानावर छोटी रॉकेटं उडवत असत. त्यांतल्या वेर्नर फॉन ब्राउन या विशीतल्या पोराला सैन्यानं १९३२ मध्ये पदरी घेतलं. आधी बर्लिनजवळच्या कुमर्सडोर्फला काम चालायचं. ते लवकरच अपुरं पडू लागलं. समुद्रावर शेकडो किलोमीटर रॉकेट सोडता येईल आणि किनाऱ्यावरून त्याचा माग घेता येईल, अशी निर्जन जागा हवी होती. पेनेम्युंडेचं नाव सुचवलं फॉन ब्राउनच्या आईनं. त्याचे आजोबा तिकडे बदकांच्या शिकारीला जात, म्हणून तिला ते ठाऊक होतं. १९३६ मध्ये जमीन घेतली गेली आणि पुढच्या वर्षी मंडळी तिथं दाखल झाली. पैशाला तोटा नव्हता. ध्वनीच्या चौपटीहून जास्त वेगाचा वारा निर्माण करणारा वातबोगदा, शास्त्रज्ञांसाठी समुद्राजवळची टुमदार वसाहत, बर्लिनच्या लोकलसारखी विजेवरची रेल्वे असं सगळं काही वर्षांत उभं राहिलं. त्या रेल्वेचा एक डबा आता संग्रहालयाच्या आवारात आहे.

खरी करामत इंजिनात होती. सेकंदाला सव्वाशे किलोच्या आसपास इंधन आणि ऑक्सिजन ज्वलनकक्षात ढकलायचं, तर साधा पंप पुरेना. हायड्रोजन पेरॉक्साइडवर परमँगनेटचं द्रावण सोडलं की उकळती वाफ होते. त्या वाफेवर टर्बाइन फिरवून पंप चालवले. ज्वलनकक्ष वितळू नये म्हणून त्याच्या दुहेरी भिंतींमधून आधी अल्कोहोल खेळवलं आणि मग ते जाळलं. दिशा राखण्यासाठी आत भोवऱ्यासारखे फिरणारे जायरोस्कोप होते, आणि जळत्या वायूच्या झोतातच ग्रॅफाइटची वल्ही बसवलेली होती. तेरा टनांच्या आतबाहेरचं हे धूड पंचवीस टनांचा रेटा देणारं इंजिन उचलत असे, तेही जेमतेम एक मिनिटभर. उरलेला प्रवास फेकलेल्या दगडासारखा. दालनातलं कापलेलं इंजिन पाहताना यंत्राची आवड असलेल्या माणसाचे पाय तिथंच रुततात, आणि त्यात लाज वाटावी असं काही नाही. द्रव इंधनावर चालणाऱ्या पुढच्या मोठ्या रॉकेटांची मुळं इथं दिसतात.

३ ऑक्टोबर १९४२ ला सात नंबरच्या चाचणीतळावरून ए-४ चं पहिलं यशस्वी उड्डाण झालं. रॉकेट सुमारे ८५ किलोमीटर उंच गेलं आणि १९० किलोमीटर दूर समुद्रात पडलं. त्याच्या बुडाशी फ्रिट्झ लांगच्या चंद्रप्रवासावरच्या मूकपटाची आठवण करून देणारं चित्र रंगवलेलं होतं. उड्डाण नियंत्रणकक्षात दिसत होतं ते बंदिस्त टीव्हीच्या पडद्यावर. ही व्यवस्था बसवणारा वाल्टर ब्रूख पुढे रंगीत टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीचा जनक ठरला. १९८२ च्या एशियाड वेळी दूरदर्शन रंगीत झालं, ते याच पद्धतीवर. ऑक्टोबरमधल्या त्या दिवसाला अनेक पुस्तकं अंतराळयुगाचा जन्मदिवस म्हणतात. १०० किलोमीटरची रेघ अंतराळाची हद्द मानली, तर ती तेव्हा ओलांडली गेली नव्हती. ती ओलांडली जून १९४४ मध्ये, पेनेम्युंडेहूनच सरळ वर सोडलेल्या एका रॉकेटनं. ते १७५ किलोमीटरच्या आसपास पोचलं होतं.

१९९२ मध्ये ऑक्टोबर १९४२ च्या त्या उड्डाणाला पन्नास वर्षं होत होती. जर्मन विमान-अंतराळ उद्योगानं पेनेम्युंडेत मोठा सोहळा ठरवला. ब्रिटनमधून आणि इतर देशांतून एवढा संताप उसळला, की तो रद्द करावा लागला. संग्रहालयानं तेव्हापासून कूस बदलली आहे. दालनांमध्ये आता इंजिनांच्या शेजारी वेठबिगारांच्या कहाण्या, पत्रं आणि याद्या आहेत. तरीही आवारातल्या त्या डौलदार प्रतिकृतीसमोर सेल्फी काढणाऱ्यांची रांग पाहिली, की जिंकतं कोण हे कळतं.

वेठबिगार इथं युद्धाच्या काळात आणले गेले. पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशातून आणलेले मजूर ट्रासेनहाइडे गावाजवळच्या छावणीत कोंडलेले असत, आणि १९४३ पासून कार्ल्सहागेनला छळछावणीची शाखाही होती. याच मजुरांकडून आणि पोलिश भूमिगतांकडून बातम्या फुटत लंडनपर्यंत पोचल्या. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांनी त्यांना पुष्टी दिली. १७ ऑगस्ट १९४३ च्या चांदण्या रात्री ब्रिटनच्या ५९६ बाँबफेकी विमानांनी हल्ला चढवला. त्यांतली ४० परतली नाहीत. इंजिनाचा कर्ता वाल्टर थील कुटुंबासह मारला गेला. पण निशाणीच्या ज्योती सुरुवातीला दक्षिणेला सरकल्या आणि कित्येक टन बाँब थेट ट्रासेनहाइडेच्या छावणीवर पडले. त्या रात्री मेलेल्या सातशेच्या वर लोकांत बहुसंख्य हे कुंपणाआडचे परदेशी मजूर होते. ज्यांनी बातमी पोचवायला जिवाची बाजी लावली, त्यांच्यातलेही त्यात असणार.

संग्रहालयाबाहेर एका कैद्याचं स्मारक आहे. मिखाईल देव्यातायेव हा पकडला गेलेला सोव्हिएत वैमानिक. ८ फेब्रुवारी १९४५ ला त्यानं आणखी नऊ कैद्यांसह पेनेम्युंडेच्या धावपट्टीवरून एक हाइन्केल बाँबर पळवलं आणि सोव्हिएत हद्दीत उतरवलं. मायदेशी त्याचं स्वागत संशयानं झालं, चौकशीच्या फेऱ्यांत तो अडकला. सोव्हिएत संघाचा वीर हा किताब मिळायला १९५७ उजाडलं.

सात नंबरच्या तळापर्यंत जाण्याची अनेकांची इच्छा असते. ती सहसा पुरी होत नाही. जंगलाच्या वाटेवर ठिकठिकाणी दारूगोळ्याचा इशारा देणाऱ्या पाट्या आहेत. १९४३ चे न फुटलेले बाँब अजून मातीत आहेत. माणूस फिरकत नसल्यानं तिथं समुद्री गरुड घरटी करतात, पाणकावळ्यांच्या वसाहती वाढतात. दारूगोळ्याचा त्रास किनाऱ्यावरही पोचतो. वादळानंतर उझेडोमच्या वाळूत अंबर शोधत हिंडण्याची लोकांना हौस असते. त्याच वाळूत बाँबमधल्या पांढऱ्या फॉस्फरसचे पिवळसर खडे सापडतात. खडा अंबरासारखाच दिसतो, ओला असेपर्यंत गप्प असतो आणि खिशात कोरडा झाला की पेट घेतो. भाजलेल्यांची उदाहरणं आजही घडतात. म्हणून जाणते लोक सापडलेला खडा खिशात न टाकता डब्यात ठेवतात.

बहुतेक प्रवासी इथूनच परततात. त्यांची फेरी अर्धीच होते.

उरलेली अर्धी रस्त्यानं चारशेहून अधिक किलोमीटर नैर्ऋत्येला, हार्त्स पर्वताच्या पायथ्याशी आहे. बाँबहल्ल्यानंतर रॉकेटचं उत्पादन जमिनीखाली न्यायचं ठरलं. नॉर्डहाउझेन शहराच्या वेशीवर कोनश्टाइन नावाची टेकडी आहे. तिच्यात इंधन साठवण्यासाठी आधीपासून बोगदे खोदले जात होते. २८ ऑगस्ट १९४३ ला, म्हणजे हल्ल्यानंतर दीड आठवड्यात, बूखेनवाल्डच्या छळछावणीतून १०७ कैद्यांची पहिली तुकडी तिथं पोचली. छावणीला सांकेतिक नाव दिलं गेलं डोरा.

नॉर्डहाउझेन हे आज एक शांत, मध्यम आकाराचं शहर आहे. धान्याची दारू आणि हार्त्समध्ये चढणारी वाफेची छोटी गाडी यांसाठी ते ओळखलं जातं. शहराची दहा नंबरची ट्राम पुढे याच अरुंद रुळांवर चढून इल्फेल्डला जाते. या वाटेवर क्रिमडेरोडेला उतरलं, की डोराचं स्मारकस्थळ चालत गाठता येतं. छावणीतल्या बहुतेक बराकी उरलेल्या नाहीत. झाडीत काँक्रीटचे जोते, हजेरीचं मैदान आणि टेकडीवर शवदाहगृह. बोगद्यात एकट्यानं जाता येत नाही, स्मारकाच्या मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. जुनी तोंडं सोव्हिएत सैन्यानं १९४८ मध्ये सुरुंगानं उडवली, त्यामुळे आत शिरायला नवी वाट खोदावी लागली. ती १९९५ मध्ये खुली झाली.

बाहेर ऐन उन्हाळा असला, तरी आत ८ अंश. एकमेकांना समांतर असे दोन लांब बोगदे, प्रत्येकी दोन किलोमीटरच्या जवळपास, आणि त्यांना शिडीच्या पायऱ्यांसारखे जोडणारे चाळीसहून जास्त आडवे कक्ष. एका बोगद्यातून सुटे भाग आत येत, दुसऱ्यातून तयार रॉकेटं रेल्वेच्या वाघिणींवर बाहेर पडत. पाहुण्यांना त्यातला छोटा भाग दाखवतात. खालची पातळी पाण्याखाली आहे. दिव्याच्या उजेडात गंजलेले पत्रे, पंखांचे तुकडे, वाकलेले रूळ दिसतात. कोसळलेल्या दगडांखाली ते जिथं पडले, तिथंच ठेवलेले आहेत.

सुरुवातीच्या महिन्यांत कैद्यांसाठी बराकी बांधायला कुणाला वेळ नव्हता. हजारो माणसांना बोगद्यातल्याच चार आडव्या कक्षांत, चार मजली फळ्यांवर झोपवलं. शेजारी रात्रंदिवस सुरुंग उडत. धुण्यापिण्याला पाणी नाही, शौचासाठी कापलेली पिंपं, फुप्फुसात धूळ. कैदी आठवडेच्या आठवडे सूर्य बघत नसत. पहिल्या सहा महिन्यांतच तीन हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यांत रशियन, पोलिश आणि फ्रेंच सर्वाधिक होते. पुढे या एका छावणीभोवती चाळीसएक उपछावण्यांचं जाळं झालं. मिटलबाउ-डोराच्या या सगळ्या जाळ्यातून सुमारे ६०,००० कैदी गेले, त्यांतले २०,००० तरी जिवंत सुटले नाहीत. सगळेच रॉकेट जोडत नव्हते. बरेच जण नवे बोगदे खोदताना, रूळ टाकताना मेले. जोडणीच्या रांगेत घातपाताचा संशय आला, तर शिक्षा फाशी. मार्च १९४५ मध्ये बोगद्यातल्या क्रेनला एका वेळी अनेकांना लटकावलं, आणि खालून इतर कैद्यांना कामावर जायला लावलं.

पेनेम्युंडेच्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक होतं का, यावर पूर्वी पुष्कळ हात झटकले गेले. कागद उरले आहेत, त्यामुळे आता वादाला फारशी जागा नाही. फॉन ब्राउन बोगद्यात अनेकदा येऊन गेला होता. १५ ऑगस्ट १९४४ च्या पत्रात त्यानं स्वतः लिहिलंय, की तो बूखेनवाल्डला जाऊन कामासाठी कुशल कैदी निवडण्याबद्दल तिथल्या प्रमुखांशी बोलला. तो नाझी पक्षाचा सदस्य होता, एसएस या नाझी निमलष्करी दलाचा अधिकारी होता. मार्च १९४४ मध्ये गेस्टापो या गुप्त पोलिसांनी त्याला काही दिवस अटकेतही ठेवलं होतं. युद्धापेक्षा अंतराळप्रवासाच्या गप्पा जास्त मारतो, हा आरोप. त्याचे चाहते अटकेचा दाखला देतात आणि टीकाकार पत्राचा. डोराच्या प्रदर्शनात दोन्ही गोष्टी मांडल्या आहेत आणि उगाच कुठली बाजू सजवलेली नाही.

शस्त्र म्हणून व्ही-२ फसलं, हेही सांगायला हवं. ८ सप्टेंबर १९४४ ला पहिला मारा झाला. त्या संध्याकाळी लंडनच्या चिझिक भागात स्टेव्हली रोडवर तीन माणसं मेली. ध्वनीहून वेगवान असल्यानं आधी स्फोट होई आणि येण्याचा आवाज मागाहून ऐकू येई. ब्रिटिश सरकार कित्येक आठवडे गॅसच्या नळांचं कारण देत राहिलं. चर्चिलनी संसदेत खरं सांगितलं ते १० नोव्हेंबरला. १६ डिसेंबरला अँटवर्पच्या रेक्स चित्रपटगृहावर पडलेल्या एका रॉकेटनं ५६७ बळी घेतले. एकूण तीन हजारांहून अधिक रॉकेटं सुटली. पण तेरा टनांचं यंत्र एक टनाचा स्फोटक माल घेऊन एकदाच जायचं, आणि तेही शहराएवढ्या मोठ्या लक्ष्यावर कसंबसं. ब्रिटनचं एक लँकॅस्टर बाँबफेकी विमान याच्या कित्येक पट बाँब टाकून दुसऱ्या रात्री पुन्हा यायचं. जर्मनीनं यावर ओतलेला पैसा लढाऊ विमानांवर लावला असता, तर दोस्तांना जड गेलं असतं, असं मानणारे इतिहासकार आहेत. हे रॉकेट लागून जितके मेले, त्याहून जास्त ते बनवणाऱ्या छावण्यांत मेले.

११ एप्रिल १९४५ ला अमेरिकी सैन्य नॉर्डहाउझेनला पोचलं. शहर आधीच ब्रिटिश बाँबहल्ल्यात भाजून निघालं होतं, आणि त्यात पुन्हा शेकडो कैदी मेले होते. हा प्रदेश जुलैत सोव्हिएत फौजांकडे जाणार होता. त्याआधी अमेरिकनांनी बोगद्यातून शंभरएक रॉकेटांचा माल ३४१ वाघिणींत भरून अँटवर्पला धाडला. फॉन ब्राउन तोवर दक्षिणेला आल्प्समध्ये होता. त्याचा भाऊ माग्नुस २ मे रोजी सायकलवर टांग टाकून अमेरिकी चौकीवर गेला आणि शरणागतीची बोलणी केली. पुढचं सर्वज्ञात आहे. न्यू मेक्सिकोतून उडालेल्या व्ही-२ नं ऑक्टोबर १९४६ मध्ये अंतराळातून पृथ्वीचा पहिला फोटो काढला, आणि फॉन ब्राउनच्या अमेरिकेतल्या हंट्सव्हिलच्या चमूनं चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न-५ बांधलं. त्या सॅटर्नच्या प्रकल्पाचा प्रमुख आर्थर रुडॉल्फ हा युद्धकाळात याच बोगद्यातल्या उत्पादनाचा अधिकारी होता. अमेरिकेच्या न्याय खात्यानं जुनी प्रकरणं उकरली, तेव्हा १९८४ मध्ये त्यानं देश सोडला आणि नागरिकत्वावर पाणी सोडलं. सोव्हिएत बाजूनं रॉकेट अभियंता सेर्गेई कोरोल्योव्ह नॉर्डहाउझेनच्या परिसरात येऊन उरलासुरला माल आणि माणसं तपासत होता. १९४८ मध्ये उडालेलं सोव्हिएत रॉकेट आर-१ हे जवळपास व्ही-२ च होतं.

फ्रान्सच्या वाट्याला काही डझन अभियंते आले. पॅरिसहून तासाभरावर, सीन नदीकाठी व्हर्नों नावाचं गाव आहे. चित्रकार मोनेची झिव्हर्नीची बाग बघायला जाणारे इथंच उतरतात. गावावरच्या रानात फ्रेंच सैन्याची रॉकेट प्रयोगशाळा उभी राहिली. तिथं आलेल्यांत कार्ल-हाइन्त्स ब्रिंगर होता, पेनेम्युंडेचा इंजिनवाला. इंधन जाळून निघणाऱ्या तप्त वायूत पाणी मिसळायचं, टर्बाइनला सोसेल इतका तो निववायचा आणि त्यावर पंप फिरवायचे, ही त्याची खास वाट. तिच्यावर घडलेल्या इंजिनांची परंपरा एरियान या युरोपीय रॉकेटाच्या व्हायकिंग इंजिनापर्यंत आली. १९७४ मध्ये इस्रोनं या इंजिनाच्या तंत्रज्ञानाचा करार केला. रोख रकमेऐवजी भारतानं अभियंत्यांचं मनुष्यबळ दिलं, आणि नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखालची मंडळी व्हर्नोंत काम करत राहिली. भारतात बांधलेलं पहिलं इंजिन १९८५ मध्ये चाचणीसाठी व्हर्नोंलाच नेलं होतं. त्याचं भारतीय नाव विकास. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात ही इंजिनं बनतात. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात एक असतं, आणि १४ जुलै २०२३ ला चंद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यात दोन होती.